चौसष्टावा मुक्काम

दुपारी बारापर्यंत सगळी वाटणी बिनबोभाट पार पडली, आणि आत्याला नेमकी त्याचीच धास्ती वाटत होती. ही तिघं भावंडं इतका वेळ गोड वागली म्हणजे आत काहीतरी शिजतंय, हे तिला त्यांच्या लहानपणापासून पाठ होतं. बाबांना जाऊन चार महिने झाले होते. छापखान्याची जागा महिनाअखेर सोडायची होती आणि धाकटीची गाडी संध्याकाळी साडेसहाची होती. त्यामुळे जे काय व्हायचं ते आजच होणार, अशी खूणगाठ बांधूनच आत्या वरच्या रंगखोलीत खुर्ची टाकून बसली होती.

छपाईचं यंत्र मधल्याकडे गेलं, कारण ते चालवायला दुसऱ्या कोणाला येतच नव्हतं. रंगांच्या बाटल्या, कुंचले आणि उत्तरेच्या खिडकीखालचं लांब टेबल थोरलीचं. धाकटीने बाबांचा चष्मा आणि भिंतीवरचं घड्याळ मागितलं, ते तिला मिळालं. खालचे छपाईचे दगड कोणालाच नको होते. मग मधल्याच्या बायकोने, म्हणजे वहिनीने, कपाटावरची पत्र्याची लांबट पेटी खाली काढली आणि तिघांच्याही तोंडून एकदम निघालं, "हे मला."

आत्याने मान हलवली. आता कुठे ती आपली माणसं झाली होती.

पेटीत मूळ पट होता. बाबांना तरुणपणी जुन्या बाजारात दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचा एक खेळ सापडला होता. नकाशावर आकडे टाकलेले, भोवरा फिरवायचा, सोंगटी पुढे सरकवायची आणि ज्या गावी पोचाल तिथली माहिती मोठ्याने म्हणायची. घराबाहेर पाऊल न टाकता मुलांनी भूगोल शिकायचा. फासे नव्हते, कारण फासे म्हणजे जुगार, आणि सभ्य घरात तो चालत नसे. बाबांनी तसाच आपला खेळ काढला. चौसष्ट मुक्काम, पहिला बंदरावर आणि शेवटचा घरी. वीस-पंचवीस वर्षं या छापखान्यातून तो शाळाशाळांत गेला. पुढे शाळांना नको झाला, पण घरातून गेला नाही. या घरात शहरांना नावांपेक्षा आकडेच जास्त जवळचे होते. "एकेचाळीसला फार पाऊस आहे," असं धाकटी पत्रात लिहायची आणि सगळ्यांना कळायचं.

पेटीतला पट हा सगळ्यांत पहिला, बाबांनी हाताने काढलेला आणि थोरलीने हाताने रंगवलेला. कागदाचे सोळा तुकडे कापडावर डकवलेले, मध्ये बोटभर फट, म्हणजे घडी घालता यावी.

"एवढं काय त्यात," वहिनी म्हणाली. "कागद आधीच कापलेला आहे. नुसतं कापड कापायचं. तिघांना पाच-पाच आणि उरलेला तुकडा आत्याबाईंना."

"आणि मी त्या समुद्राच्या तुकड्याचं काय करू, गरम भांडं ठेवू?" आत्या म्हणाली. "ती कात्री खाली ठेव. या घरात भांडण कसं मिटतं ठाऊक नाही का तुला? पट मांडा."

वहिनीला ठाऊक होतं. कोपऱ्यातली खोली कोणाची, हे पटावर ठरलं होतं. शिकायला कोणी बाहेर जायचं आणि छापखान्यात कोणी बसायचं, तेही तिच्या नवऱ्याचं आणि धाकटीचं याच पटावर ठरलं होतं, आणि तिचा नवरा हरला होता. ती कात्री तिने जरा आपटूनच ठेवली.

"पुस्तिका आण," आत्या थोरलीला म्हणाली.

थोरली उठली. फळीवर छापील पुस्तिकांचा गठ्ठा होता, त्यातली वरची एक तिने घेतली. कुंचल्यांच्या खणाकडे तिने पाहिलंही नाही. पाहायचं नाही असं तिने ठरवलंच होतं, आणि त्या ठरवण्यानेच तिचे कान तापले. खणात, चिंध्यांच्या खाली, दुसरी पुस्तिका होती. बाबांची.

सोंगट्या त्याच जुन्या होत्या. थोरलीचा निळा काचमणी, मधल्याचा पितळी स्क्रू, धाकटीचं हाडाचं बटण. भोवरा आठ बाजूंचा, बाबांनीच कोरलेला. नियम कोणाला सांगायची गरज नव्हती. मुक्कामावर पोचलात की तिथलं कलम पुस्तिकेबरहुकूम म्हणायचं. चुकलात तर बारा मुक्काम मागे. घरी पोचायला नेमकाच आकडा हवा. आणि जो सगळ्यांत आधी पोचेल त्याने उठून जायचं नाही, पुस्तिका हातात घेऊन बाकीचे येईपर्यंत त्यांना वाचून दाखवायचं. थोरली नेहमी आधी पोचायची. त्यामुळे सगळ्यांचे प्रवास वाचून दाखवायचं काम जन्मभर तिच्याच वाट्याला आलं होतं.

"हा समुद्र राखाडी कसा?" धाकटी पटावर वाकून म्हणाली. "एकेचाळीसच्या खालचा. निळा होता ना, ताई?"

"ऊन लागून उडतो रंग," थोरली म्हणाली. "फिरव भोवरा."

रंग उन्हाने उडाला नव्हता. तिने तो स्वतः ब्लेडने खरवडला होता. तो निळा तिने एकोणिसाव्या वर्षी घोटला होता, तीन दिवस खपून, आणि बाबा खालून दगडाची शाई लागलेल्या हातांनी वर येऊन म्हणाले होते, "हा समुद्र झाला." बाबांचं तेवढं एक वाक्य तिने आयुष्यभर पुरवून वापरलं. धाकटीला अशी वाक्यं रोज मिळायची. धाकटी खाली दगडाशेजारी स्टुलावर बसायची. दगडावर सगळं उलटं लिहावं लागतं, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. ती पोरगी सुलट्याआधी उलटं वाचायला शिकली, आणि त्याचं बाबांना कोण कौतुक. थोरलीचा हात स्थिर म्हणून तिची रवानगी वर, समुद्र भरायला. जगातले सगळे समुद्र तिने भरले आणि धाकटी जहाजावर नर्स होऊन त्या सगळ्यांवरून फिरून आली. मग बाबांची दृष्टी गेली आणि पत्र वाचून दाखवायचं काम आलं. एका पत्रात धाकटीने सहज लिहिलं होतं, बाबा, इथला समुद्र निळा नाही हो, ओल्या पाटीसारखा आहे. बाबा लगेच म्हणाले, खरवड तो निळा.

तिने खरवडला. कागद फाटू नये म्हणून श्वास धरून खरवडला. आणि आता धाकटी वाकून विचारते, निळा होता ना?

मधला तिसऱ्याच फेरीत तेवीसवर अडकला. तेवीस म्हणजे साथीचं बंदर, दोन डाव थांबा.

"आलो माझ्या कायमच्या पत्त्यावर," तो म्हणाला.

वहिनीने टेबलाखालून त्याला पायाने ढोसलं. त्याने पाय बाजूला घेतला. त्याला पट हवाच होता असं नाही. तो दोघींपैकी कोणाला मिळू नये एवढंच त्याला हवं होतं, आणि हे कळायला त्याला स्वतःलाही तेवीसवर दोन डाव बसावं लागलं. तीस वर्षं त्याने यंत्र चालवलं. छापखान्यात कोणी आलं की बाबा म्हणायचे, ही रंगवते, आणि ती दुसरी आहे ना, ती खरंच फिरते. मग जरा थांबून म्हणायचे, आणि हा खाली असतो.

"एकेचाळीस," धाकटीने बटण सरकवलं आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा खुलला. "घ्या. आमचंच गाव आलं."

सहा वर्षं ती एकेचाळीसच्या बंदरातल्या इस्पितळात होती. खुर्चीवर रेलून ती म्हणू लागली, "नदीच्या मुखावरचं बंदर. लोक मेंढ्या पाळतात, दोरखंड वळतात. गावात चार घंटाघरं. नदीवर दोन पूल, एक दगडी, एक लोखंडी."

आत्याने पुस्तिकेवर बोट टेकवलं. चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली आणला.

"एक पूल," ती म्हणाली.

"दोन आहेत, आत्या."

"इथे एक लिहिलाय."

"अगं, मी त्या दुसऱ्या पुलावरून रोज कामाला जात होते. सहा वर्षं. उडत जात होते का?"

"तू कशी जात होतीस ते मी विचारलं नाही," आत्या म्हणाली. "पुस्तिकेत काय आहे ते विचारलं. बारा मागे. एकोणतीस."

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. थोरली पटाकडे पाहत होती. धाकटीने मधल्याकडे पाहिलं.

"दादा, तू सांग. मी पत्रात लिहिलं होतं की नाही? बाबांनी काहीच केलं नाही त्याचं?"

मधला स्क्रूचे आटे नखाने कोरत राहिला. बाबा एकदा जिना चाचपत खाली आले होते. म्हणाले होते, नवी आवृत्ती काढू, दुरुस्त्या तयार आहेत, एकेचाळीसला दोन पूल आहेत. त्याने वर जाऊन थोरलीला विचारलं होतं. थोरली म्हणाली होती, त्यांचं काही मनावर घेऊ नकोस, हल्ली असंच बोलतात. त्याने मनावर घेतलं नाही. फिरणाऱ्या लेकीच्या पुलासाठी पुन्हा सगळं छापायचं, आणि छापायचं कोणी, तर जो खाली असतो त्याने.

"मला नाही आठवत," तो म्हणाला.

धाकटीने बटण उचललं आणि एकोणतीसवर ठेवलं. पुढचे चार डाव ती एक अक्षर जास्तीचं बोलली नाही. पुस्तिकेत जसं होतं तसंच म्हणाली. जिथे वीस वर्षांपूर्वी जळून गेलेला बाजार होता तिथे तो अजून भरतो असं म्हणाली, जिथे आटलेलं तळं होतं तिथे होड्या चालतात म्हणाली, आणि प्रत्येक वेळी आत्याने मान डोलावून बरोबर दिलं.

थोरलीचं कुठेच चुकलं नाही. तिने कधी स्टेशनच्या पलीकडचं गाव पाहिलं नव्हतं, पण चौसष्टच्या चौसष्ट मुक्काम तिला पाठ होते. त्रेपन्न, सत्तावन्न, एकोणसाठ. आता पाच हवे होते. तिने भोवरा चिमटीत धरला, फिरवला, तो डुगडुगत खिडकीकडे गेला आणि पाचावर पडला.

"घर," थोरली म्हणाली. "चौसष्ट. प्रवासी परत आला. त्याने सामान खाली ठेवावे."

तिला वाटलं होतं, जिंकल्यावर बरं वाटेल. धाकटी नीट बसून म्हणाली, "छान खेळलीस, ताई," आणि ते इतकं सरळ आणि कोरडं होतं की थोरलीला चपराक बसल्यासारखं झालं.

आत्याने सवयीने पुस्तिका तिच्यापुढे केली. "पोचलीस ना? आता या दोघांना वाचून दाखव. बटण अजून छत्तीसवर आहे."

आणि तेव्हा वहिनीला राहवलं नाही. नवरा तेवीसवरून जेमतेम तिसाव्यावर पोचला होता, यंत्र तर असंही कोणी घेणार नव्हतं, आणि समोर ही नणंद त्या पटावर हात पसरून बसली होती.

"ही पुस्तिका कशाला?" ती म्हणाली. "ती दुसरी घ्या ना, ताई. मामंजींची. खणातली."

मधला म्हणाला, "तू गप्प बस."

"का गप्प बसू? मी रोज इथे झाडत होते. कुंचल्यांच्या खणात आहे ती. चिंध्यांच्या खाली. तिच्यात शाईने लिहिलेलं आहे सगळं."

आत्या थोरलीकडे पाहत राहिली. ऐंशीच्या घरातली बाई, पण नजर अशी की थोरली पन्नाशी उलटलेली असूनही उठली, खण उघडला, चिंध्या बाजूला केल्या आणि ती पुस्तिका टेबलावर आणून ठेवली. मळकी, कोपरे दुमडलेली, पानापानाच्या समासात निळ्या शाईची बारीक अक्षरं.

धाकटीने ती उचलली. सगळ्यांना वाटलं ती आता तोंड सोडेल. तिने एकेचाळीस काढलं आणि समासातलं मोठ्याने वाचलं.

"पूल दोन. दुसरा लोखंडी. त्या पुलावर माझी धाकटी रोज सकाळी उभी राहते आणि आपलं घर कोणत्या दिशेला असेल ते बघते. इथे आलेल्याने एक डाव थांबावं." तिने पान थोरलीकडे वळवलं. "हे तुझं अक्षर आहे, ताई."

"मग कोणाचं असणार? त्यांना दिसत होतं का?"

"तू लिहिलंस हे. आणि तरी मला मागे जाऊ दिलंस."

"हो. दिलं," थोरली म्हणाली. आता बांध फुटलाच होता. "मीच वाचायची तुझी पत्रं. दर महिन्याला. तुझं पत्र आलं की ते सकाळपासून दाढी करून बसायचे, आंधळा माणूस, मला विचारायचे, नीट झाली का गं. आणि वाचून झालं की म्हणायचे, पुस्तिका काढ, लिही. इथे धाकटी उभी राहते. इथे धाकटीला ताप आला होता. इथे धाकटीने माकड पाहिलं. समुद्रसुद्धा खरवडून घेतला माझ्याकडून तुझ्यासाठी. पान न् पान तुझं आहे त्यात. मी सात वर्षं त्यांच्या शेजारी बसून लिहिलं, त्यात माझं एक अक्षर नाही. नाही वाटलं मला तुला दोन पूल द्यावेसे."

"शेजारी बसून," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "सात वर्षं शेजारी बसून. आणि मला तार मिळाली तेव्हा सगळं उरकलं होतं. तुला काय वाटतं, पुलावर उभं राहायला मजा येते? तू त्यांची नखं कापायचीस का?"

"दर रविवारी."

"मला ते कोणी लिहूनसुद्धा कळवलं नाही. तू त्यांची नखं कापत होतीस, आणि मला काय मिळालं? माकड."

मधला खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. या दोघी एकमेकींचा इतका हेवा करत होत्या की त्याचा कोणी करावा असं काहीच शिल्लक राहिलं नव्हतं.

"डाव रद्द," आत्या म्हणाली. "खोट्या पुस्तिकेवर खेळलेला डाव मी धरत नाही. थोरले, तू जाणूनबुजून केलंस. पट धाकटीचा."

पटावर पसरलेले हात थोरलीने काढून घेतले आणि मांडीवर ठेवले. निळा मणी तेवढा चौसष्टवर राहिला.

धाकटी पुस्तिकेची पानं उलटत होती. रागात माणूस काहीतरी करत राहतो तसं. चव्वेचाळीस, पन्नास, एकसष्ट. शेवटचं पान आलं. इथे थोरलीची शाई नव्हती. पेन्सिलीने ओढलेल्या गिरगोट्या होत्या, एकात एक गुंतलेल्या, पानाबाहेर घसरलेल्या.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"त्यांनीच ओढलंय," थोरली म्हणाली. "शेवटच्या दिवसांत, मी बाजारात गेले होते तेव्हा. बघितलं मी एकदा. 'धाकटी' असेल म्हणून पुढे नाही बघितलं. आता कशाला बघायचं?"

धाकटीने पान उजेडाकडे धरलं, आणि तिच्या लक्षात आलं. गिरगोट्या नव्हत्या. उलटी अक्षरं होती. डोळे गेले, पण हाताला पन्नास वर्षांची दगडाची सवय होती. हात उजवीकडून डावीकडे चालला होता, काना उलट्या बाजूला, वेलांटी उलट्या बाजूला. स्टुलावर बसलेल्या सहा वर्षांच्या मुलीला जे वाचता येत होतं ते चव्वेचाळीस वर्षांच्या बाईलाही आलं. एकेक अक्षर सुटं होत गेलं.

घर म्हणजे थोरली असते ते. बाकीचं सगळं जग मला तिनेच दाखवलं.

धाकटीने ते पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदाही तेच होतं. पत्रं तिने लिहिली होती, बंदरावर, बोटीच्या हेलकाव्यात, रात्रपाळीनंतर डोळे मिटत असताना. पाय तिचे दुखले होते, ताप तिला आला होता. आणि जग दाखवलं ताईने. रंगखोलीतून न हलता. त्यांच्या शेजारी बसून, त्यांची नखं कापून, वर जगही तिनेच दाखवलं. धाकटीला ताईचा असा हेवा वाटला की ती स्वतःच दचकली.

मागे कोणीतरी उभं होतं. मधला. तो खिडकीतून कधी वळला होता कोण जाणे. तीस वर्षं दगडांवरून शाईचा रूळ फिरवणाऱ्या माणसाला उलटी अक्षरं वाचायला काय वेळ लागतो. त्याचे ओठ हलले आणि थांबले. तो पान खालपर्यंत बघत गेला, समासात बघितलं, मागचं कोरं पानही त्याने बोटाने उचलून बघितलं. तिथे काही नव्हतं.

दोघांची नजरानजर झाली.

"काय लिहिलंय रे?" आत्याने विचारलं.

धाकटीने तोंड उघडलं. मधला तिच्या आधी बोलला.

"लागत नाही, आत्या," तो म्हणाला. "पेन्सिल फिस्कटलीय सगळी."

"हो," धाकटी म्हणाली. "काही लागत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा त्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. मधला परत खिडकीकडे गेला. वहिनी त्याच्याकडे बघत राहिली, तिला काहीतरी निसटल्यासारखं वाटत होतं, पण काय ते कळत नव्हतं.

धाकटीने पुस्तिका मिटली. "आत्या, पट ताईकडेच राहू दे."

थोरलीने झटकन वर पाहिलं.

"तिने रंगवलाय," धाकटी म्हणाली. "माझ्या खोलीत तो पसरायला जागासुद्धा नाही. मला ही पुस्तिका द्या. तेवढी पुरे."

"बघ," आत्या थोरलीला म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "बघ, शिक काहीतरी. मोठं मन म्हणतात ते हे."

वहिनीने नाक मुरडलं, पण तिलाही मान्य करावं लागलं. थोरली तर उठूनच आली. चोरी पकडली गेली होती, डाव रद्द झाला होता, आणि तरी पट तिचा होता. तिने धाकटीच्या हातातून पुस्तिका घेतली.

"दे, मी बांधून देते. अशीच नेलीस तर पानं सुटतील."

तिने छपाईत वाया गेलेला एक जाड कागद घेतला, त्यावर पुस्तिका ठेवली, दुमडलेले कोपरे अंगठ्याने एकेक करून सरळ केले. शेवटचं पान मुडपलं होतं. तिने ते उघडलं, हाताच्या पंज्याने त्या पेन्सिलीवरून अलगद फिरवून सपाट केलं आणि पुस्तिका मिटली. धाकटी समोर उभी राहून ते बघत होती. मग दोरा, आडवा, उभा, आणि घट्ट गाठ. थोरलीच्या गाठी कधी सुटत नसत.

"ओली होऊ देऊ नकोस," ती म्हणाली.

"नाही होऊ देणार."

मधल्याने बॅग आणि घड्याळ खाली नेलं. जिना, दगडांची अंधारी खोली, मग फाटक. जिन्यावर धाकटीला वाटलं, आता सांगावं. दगडांपाशी वाटलं, आता सांगावं. एक वाक्य तर होतं, म्हणायला श्वासभरसुद्धा वेळ लागला नसता. फाटकापाशी थोरलीने तिला जवळ घेतलं. तिच्या अंगाला टर्पेंटाईनचा वास येत होता, बाबांच्या अंगाला यायचा तोच, आणि धाकटीने पुडकं काखेत आणखी घट्ट धरलं.

"मी वाईट वागले," थोरली तिच्या कानाशी म्हणाली. "तुझ्याजागी मी असते तर दिला नसता पट."

"जाऊ दे, ताई."

"त्यांना तू फार आवडायचीस. मला ते बघवायचं नाही, खरं सांगते. आता सांगायला काही वाटत नाही."

गाडी यायला वेळ होता. रिक्षावाला बॅग पुढे ठेवू की मागे, विचारत होता. मधला दोघींकडे न बघता घड्याळाला कागद गुंडाळत होता.

"पोचलीस की पत्र टाक," थोरली म्हणाली. "आता वाचून कोणाला दाखवायचं नाही, पण टाक. मी वाचेन."

"टाकते," धाकटी म्हणाली आणि रिक्षात बसली.